सात फेब्रुवारीला मिळालेलं पत्र

सारीबेल खिंड, हवामान ठाणं
१२ जानेवारी १९८४

आदरणीय बेशेनाली मामा,

तुम्ही, मामी, कळप आणि दोन्ही कुत्रे बरे असाल असं धरून चालते. मी बरी आहे. इथे येऊन तीन महिने झाले आणि हे पहिलंच सविस्तर पत्र. त्याबद्दल मामी बोलणार आहेत, ते मी ऐकून घेईन.

काम काय करते ते सांगते. दर तीन तासांनी बाहेर जायचं. खांबावर एक लोखंडी पाटी टांगलेली आहे. वारा तिला जितकी वर उचलेल तितका त्याचा वेग, सेकंदाला इतके मीटर. तो वहीत लिहायचा. थंडी किती, बर्फ किती, हवेचा दाब किती, तेही लिहायचं आणि बिनतारी यंत्रावरून खाली कळवायचं. वादळाची लक्षणं दिसली की इशारा द्यायचा. तो तुमच्या सामूहिक फार्मच्या कचेरीत जातो, जिल्ह्याला जातो, रस्तेवाल्यांना जातो. एवढंच काम. पाच वर्षं राजधानीत, फ्रुन्झेला शिकून मी एवढंच करते हे ऐकल्यावर आईला वाटलं मला शिक्षा झाली आहे.

मला तसं वाटत नाही. वहीतला एक आकडा खरा असेल तर खाली कुठेतरी एक माणूस घराबाहेर पडायचा थांबतो. आपल्या घरात माझ्याआधी कोणी पदवी घेतली नाही. मला ती भिंतीवर लावायला नको होती, या आकड्यासाठी हवी होती.

पण मामा, परवा मी जुन्या वह्या चाळल्या. माझ्याआधी इथे जो निरीक्षक होता त्याने दोन हिवाळे वाऱ्याचा वेग आठ लिहिलाय. सकाळी आठ, दुपारी आठ, महिनेच्या महिने आठ. दोन वर्षांपूर्वी ज्या दिवशी आमच्या कोठीचं छप्पर उडालं त्या दिवशीही आठच. ते छप्पर अजून खाली घळीत पडलेलं दिसतं. मी ठाणेप्रमुख दूशोंबूकाकांना विचारलं, हे कसं? ते चहा ओतता ओतता म्हणाले, "पोरी, बाहेर थंडी होती." तेवढंच, आणि मला साखर पुढे केली. जेवताना तोंडात केस यावा तसं झालं. दिवसभर तो केस जिभेवरून जाईना.

आणखी एक. बर्फ हटवायच्या गाडीचा ड्रायव्हर कुबात सांगत होता, की आमचे इशारे तुमच्या कचेरीत फार्मचे अध्यक्ष ओरमोन यांच्या टेबलावर पडून असतात आणि त्यांवर चहाच्या पेल्याचे गोल डाग असतात. म्हणून यापुढे इशारा देईन तेव्हा तुम्हाला वेगळी चिठ्ठी लिहून कुबातच्या हाती देईन. ती पाळाल, एवढं वचन द्या.

तुमची भाची,
सादात


कारासाय, हिवाळी तळ
२६ जानेवारी

सादात पोरी,

भाची येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले, असं आपले म्हातारे म्हणतात ते उगाच नाही. लांडगा आला तर मेंढरू नेतो आणि गप्प बसतो. तू मेंढरू नेत नाहीस, वचन नेतेस. पण मामाच्या घरात भाचीने ज्याच्यावर हात ठेवला त्याला नाही म्हणायची चाल नाही. घे, दिलं. तुझी चिठ्ठी आली की मी जागचा हलणार नाही.

तशी मला तुझ्या पाटीची गरज नाही. वारं फिरायचं असलं की म्हातारी काळी बकरी आदल्या दिवशीच भिंतीला अंग घासते. कारासायला तिन्ही बाजूंनी कडा आहे, दगडी वाडगं आहे, चारा आहे. इथे मी एकवीस हिवाळे काढलेत.

पण अध्यक्षांच्या डोक्यात वेगळंच आहे. नऊ फेब्रुवारीला प्रांतावरून पाहणीला माणसं यायची आहेत. त्यांना कळप रस्त्यावरून दिसला पाहिजे म्हणे. तेव्हा मेंढरं आकजारच्या माळावर आणून उभी करा. मी म्हटलं, मेंढरं आहेत की नवरी आहे, दाखवायला न्यायला? त्यांनाच आणा की कारासायला. तर म्हणतात, "त्यांच्या बुटांना लेंड्या लागतील." माळावर आडोसा म्हणशील तर माझ्या टोपीएवढाही नाही. बघू, अजून वेळ आहे.

मामी म्हणते, दोन मोजे घालत जा. आणि विचारते, तिकडे वाऱ्याशीच लग्न लावून घेणार आहेस का.

तुझा मामा


सारीबेल
६ फेब्रुवारी, दुपार

मामा,

घाईत लिहिते. कालपासून दाब पडतोय. इतका पडताना मी वह्यांत कुठेच पाहिला नाही, म्हणजे ज्या वह्या खऱ्या आहेत त्यांत. आत्ता दक्षिणेचा कोमट वारा आहे, बर्फ ओला झालाय, छपरावरून पाणी गळतंय. तुम्हाला वाटेल थंडी सरली. तसं नाही. आठ तारखेला दुपारनंतर वारा उत्तरेला फिरेल, ओली लोकर अंगावर गोठेल आणि मग हिमवादळ सुरू होईल. दोन दिवस तरी थांबणार नाही. वेग तीसच्या वर जाईल असं माझं अनुमान आहे. तिसाला माणूस उभा राहू शकत नाही, मेंढरांचं सोडा.

दूशोंबूकाका म्हणाले, थोडं थांब, चूक निघाली तर हसं होईल. मी थांबले नाही. बारा वाजता इशारा गेला. तुमच्या कचेरीतल्या टेलिफोनवाल्या बाईने तो शब्दन् शब्द उतरवून घेतला आणि मला परत वाचून दाखवला. जिल्ह्याने घेतला. रस्तेवाल्यांनीही घेतला.

आकजारला जाऊ नका. कोणी काहीही म्हणो. पाहणीवाले पुन्हा कधीतरी येतील.

हे कुबातबरोबर पाठवते. तो उद्या तुमच्याकडे पोचेल.

सादात


कारासाय
१८ फेब्रुवारी

सादात पोरी,

आम्ही सुखरूप आहोत. वादळ झालं खरं, तू म्हणालीस तसं. तुझी चिठ्ठी मात्र उशिरा मिळाली, रस्ता बंद होता. असो. काही मेंढरं गेली, पण बाकीची आम्ही वेळेत कापून घेतली, त्यामुळे नुकसान वाचलं. अध्यक्ष स्वतः आले होते मदतीला.

मामीचा हात चुलीवर भाजलाय. काळजीचं काही नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात आहे. आठ दिवसांत येईल.

कुबातबरोबर तुला एक तंगडी आणि शेपटीची चरबी पाठवतोय. खा. तिकडे डब्यातलं खाऊन वाळली असशील.

मामा


सारीबेल
२५ फेब्रुवारी

आदरणीय मामा,

तंगडी मिळाली. चार महिन्यांनी ताजं मांस बघितलं. बटाटे आणि कांदा घालून दोन दिवस खाल्लं. रस्सा जरा काळपट झाला होता आणि वर फेस फार आला. मला वाटलं, इथे उंचावर पाणी लवकर उकळतं म्हणून असेल. दूशोंबूकाकांनी वाडगा नाकाजवळ नेला आणि परत ठेवला. पोट बरं नाही म्हणाले. त्यांच्या वाट्याचंही मीच खाल्लं.

वादळाचं लिहिते. आठ तारखेला दोन वाजता वारा फिरला, अगदी दार आपटावं तसा. घरापासून खांबापर्यंत चाळीस पावलं आहेत. आम्ही दोर बांधून ठेवलाय. त्याला धरून गुडघ्यांवर जायचं. श्वास घ्यायला तोंड उघडलं की तोंडात बर्फ. नऊला सकाळी पाटी चौतीसवर होती. दुपारी गेले तर पाटीही नव्हती आणि खांबाचा वरचा हातही नव्हता. मी वहीत लिहिलं, 'यंत्र तुटलं, वेग चौतीसपेक्षा जास्त.' एकही वेळ चुकवली नाही. याचा मला अभिमान वाटत होता, परवापर्यंत.

परवा अध्यक्ष ओरमोन वर आले. कोन्याक दारूची बाटली, मिठाईचा डबा आणि जिल्ह्याचं वर्तमानपत्र घेऊन. वर्तमानपत्रात तुमचा फोटो आहे, मामा. खाली लिहिलंय, की अचानक आलेल्या वादळात ज्येष्ठ मेंढपाळ बेशेनाली यांनी प्रसंगावधान राखून तीनशे मेंढरं वेळेत कापली आणि जनतेचं मांस वाचवलं. अध्यक्षांनी ते मला वाचून दाखवलं. मी वाचू शकते हे ते विसरले असावेत.

मग म्हणाले, बाळ, फक्त एक अडचण आहे. तुझ्या वहीत सहा तारखेला इशारा आहे. इशारा असेल तर वादळ अचानक कसं? जिल्ह्याच्या कागदाचं मी बघून घेतलंय, आता तुमची वही तेवढी राहिली. "एक पान तर आहे," ते म्हणाले. "झाडाला हजार पानं असतात, एक गळलं तर झाड रडत नाही." आणि माझ्या हातात गोळी ठेवली, लहान मुलाला देतात तशी. गोळी त्यांच्या तळहाताच्या घामाने चिकट झाली होती.

मी दूशोंबूकाकांकडे बघितलं. ते बाटलीचं बूच काढत होते.

मी पान दिलं नाही. तेव्हापासून वही उशाखाली घेऊन झोपते. दूशोंबूकाका माझ्याशी गोड बोलतात आणि मला ते सहन होत नाही. एकाच चुलीवरचा चहा पिताना मला त्यांच्या पेल्याची किळस येते. त्यांचा पेला स्वच्छ असतो, तरी येते.

आता मुद्द्याचं. कुबात म्हणतो, त्याने माझी चिठ्ठी सात तारखेला तुमच्या हातात दिली. तुम्ही ती वाचली, घडी करून बुटात घातली आणि त्याला चहा दिला. तुम्ही लिहिता ती उशिरा मिळाली. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय आणि तो कुबात असावा असं मला फार वाटतं. पण त्याला काय गरज?

मामाच्या घरात भाचीने ज्याच्यावर हात ठेवला त्याला नाही म्हणायची चाल नाही, असं तुम्हीच लिहिलंत. मी खऱ्यावर हात ठेवते. ते द्या.

सादात


कारासाय
५ मार्च

सादात,

सात तारखेलाच मिळाली. झालं समाधान?

मिळाली, वाचली आणि तरी आठला पहाटे कळप आकजारला नेला. सातला संध्याकाळी अध्यक्षांचा माणूस आला होता. म्हणाला, उद्या मेंढरं माळावर दिसली नाहीत तर परवापासून तू मेंढपाळ नाहीस. एकवीस हिवाळ्यांनी मी दुसरं काय करू? शहरात जाऊन टोप्या विकू? आकाश तर उघडं होतं. छपरातून पाणी गळत होतं. काळी बकरी भिंतीला अंग घासत होती, ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

झालं ते झालं. आता तू शहाणपण कर. इशारा वहीत राहिला तर पहिला प्रश्न मला विचारतील, आणि अध्यक्ष तेव्हा मला ओळखणारही नाहीत. तीनशे मेंढरांसाठी माणूस तुरुंगात जातो, पोरी. तुझ्या फ्रुन्झेच्या पहिल्या वर्षासाठी मी करडी घोडी विकली होती. ते मी कधी बोललो नसतो, पण आज बोलतो. तू पेन्सिलीनेच लिहितेस ना? मग तिथे खोडरबर नाही का मिळत?

अध्यक्ष म्हणतात कुबातलाही समज दिलीय. तोही आता आठवत नाही म्हणेल.

मामा


जिल्हा दवाखाना
१२ मार्च

सादात बाळ,

हे डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर कोंबडीचं. तुझ्या मामाला ठाऊक नाही मी लिहितेय. उजव्या हाताची तीन बोटं गेली. चुलीवर भाजला म्हणून त्याने कळवलं ना? चूल कुठली, बर्फात मेंढरं उकरताना गेली. डॉक्टर म्हणतो बर्फही भाजतोच. तेव्हा तुझा मामा अगदीच खोटं बोलला नाही. त्याची हीच कला आहे.

मेंढरू कसं असतं तुला माहीत आहे. वाऱ्याला पाठ देतं आणि चालत राहतं. माळाच्या टोकाला जी घळ आहे तिच्यात सगळी गेली, एकावर एक. दहा तारखेला सकाळी वारा पडला तेव्हा आम्ही उकरायला लागलो. खालची दबून मेलेली, मधली गुदमरून मेलेली, वरची गोठलेली. काहींची तोंडं दुसऱ्यांच्या लोकरीत घुसलेली. त्यांना ओढलं की लोकर तोंडाबरोबर यायची.

तेवढ्यात अध्यक्ष ट्रॅक्टर घेऊन आले. बघितलं आणि म्हणाले, कापा. तुझा मामा म्हणाला, साहेब, मेलीत. ते म्हणाले, "कोण म्हणतं मेलीत? आत ऊब आहे. मेली लिहिली तर चौकशी, कापली लिहिली तर मांस." आणि सुऱ्या वाटल्या. स्वतः कम्युनिस्ट पार्टीचे माणूस, तोंडाने बिस्मिल्ला म्हणत नाहीत. ते तुझ्या मामाकडून म्हणवून घेतलं.

त्याने म्हटलं, सादात. प्रत्येक मढ्याचं तोंड किब्लाकडे, मक्केच्या दिशेला वळवलं, प्रत्येकावर बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी फिरवली. एक थेंब आला नाही. लोकरीचा ओला नमदा कापावा तसा आवाज. मी बर्फात बसून ऐकत होते. तीनशे वेळा अल्लाचं नाव घेतलं त्याने, मेलेल्यावर, जे खाणं आपल्यात हराम. अध्यक्षांनी मग एक जिवंत मेंढी कापायला लावली आणि तिचं रक्त बादलीत धरून बर्फावर आणि मानांवर शिंपडलं, पेपरवाला फोटो काढायला यायचा होता म्हणून.

मांस कुठे गेलं ते विचार. जिल्ह्याच्या निवासी शाळेत गेलं. आपल्याच मेंढपाळांची पोरं तिथे राहतात.

आणि एक तंगडी तुला आली. मी नको म्हटलं होतं. दवाखान्याच्या गाडीत घालत होते मला, तेव्हाही म्हटलं, तिला नको. तो म्हणाला, दर वर्षी पाठवतो, यंदा नाही पाठवली तर ती विचारेल.

आता सगळ्यांत वरची मलई. कचेरीतली टेलिफोनवाली बाई मला इथे बघायला आली होती, रडत होती. प्रांताच्या पाहणीवाल्यांचा सात तारखेला दुपारीच फोन आला होता. 'सारीबेलहून वादळाचा इशारा आहे, तेव्हा आम्ही येत नाही.' तुझा इशारा त्यांनी पाळला, बाळ. अध्यक्ष ते मामाला कळवायला विसरले.

मला जेवण जात नाही इथलं. मांस वाढतात, मी भाकरी खाते.

मामी


सारीबेल
१७ मार्च

मामा,

मामींचं पत्र मिळालं. त्यांना बोलू नका.

काल दिवसभर मी पातेलं घासत होते, ज्यात ती तंगडी शिजवली होती. राख लावून घासलं, मग वाळू लावून. मग बाहेर नेऊन घळीत फेकलं. तीन आठवड्यांपूर्वी खाल्लेलं ओकता येत नाही. मी प्रयत्न केला. ते आता माझ्या रक्तात आहे, माझ्या नखांत आहे. मी धर्म फार पाळते असं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. फ्रुन्झेला आम्ही खूप गोष्टींवर हसायचो. यावर मला हसता येत नाही.

दूशोंबूकाकांना विचारलं, तुम्ही ओळखलं होतं ना? म्हणाले, "रस्सा बघूनच." मग मला खाऊ का दिलं? म्हणाले, "तुला भूक होती. आणि तुझ्या मामाने पाठवलेलं." मग म्हणाले, माणसाने सगळंच सांगत बसलं तर कोणाच्या घरी जेवता येणार नाही. त्यांचं हे बोलणं मला सगळ्यांत जास्त घाण वाटलं, कारण त्यात मायाही होती.

मला तुमचीही किळस आली, मामा. हे लिहायला मला एक पूर्ण दिवस लागला. भीतीपोटी तुम्ही कळप नेलात ते मी समजू शकते. भीती मलाही वाटते, दोर धरून खांबाकडे जाताना दर वेळी वाटते. पण तुम्ही शंका येऊ नये म्हणून मला ते खाऊ घातलंत. घोडी विकून ज्या मुलीला शिकवलं तिचं तोंड बंद राहावं म्हणून त्या तोंडात मेलेलं घातलंत. खोडरबराचं विचारलंत. मी शाईने लिहिते. पेन्सिल गोठत नाही म्हणून बाहेर वापरते आणि आत आले की लगेच शाईने उतरवते.

काय केलं ते सांगते, माझ्या पाठीमागे कोणी सांगायला नको म्हणून. वहीच्या त्या पानाच्या चार नकला काढल्या. एक फ्रुन्झेला हवामान खात्याला, एक सरकारी वकिलांना, एक निवासी शाळेच्या मुख्याध्यापकांना पाठवली. शाळेला मांसाबद्दलही लिहिलं. चौथी माझ्याकडे आहे. त्या तिन्ही कुबातने खालच्या गावातल्या टपालात टाकल्या, फार्मच्या टपालात नाही. तुमचं नाव त्यात आहे. मी ते गाळलं नाही.

आता उरतं ते हे. अध्यक्ष म्हणणार, इशारा हवेत गेला असेल, मेंढपाळापर्यंत पोचलाच नाही, ड्रायव्हरने वाटेत दारू पिऊन चिठ्ठी हरवली. कुबातला तसं लिहून द्यायला सांगितलंय, नाहीतर गाडी काढून घेणार. त्याने अजून दिलेलं नाही. त्याला चार लेकरं आहेत, तो किती दिवस देणार नाही? माझी चिठ्ठी सातला पोचली हे फक्त एकच माणूस सांगू शकतो.

मी तुम्हाला वाचवू शकत नाही आणि आता मला ते करायचंही नाही. कुबातला तुम्ही वाचवू शकता. तारीख लिहा आणि सही करा. कुबात दोन एप्रिलला तुमच्याकडून वर येईल.

सादात


कारासाय
२ एप्रिल

सादात,

तुझ्या पत्राला मी उत्तर देणार नव्हतो. तीन दिवस तोंडाने तुला शिव्या देत होतो. मग मामी दवाखान्यातून आली. ताट वाढलं की ती माझ्या हातचा तुकडा घेत नाही, कुत्र्याला देते. कुत्रा खातो.

मी शाळेत गेलो होतो. म्हटलं, उरलं असेल तर थांबवावं. स्वयंपाकीण म्हणाली, आजोबा, ते केव्हाच संपलं, पोरं तर आणखी मागत होती. मी खरं सांगितलं तेव्हा तिने दार लावून घेतलं आणि म्हणाली, "हळू बोला, मला नोकरी आहे." मुख्याध्यापकांना तुझं पत्र मिळालंय. ते टेबलाच्या खणात आहे, मी बघितलं. त्यांनी मला चहा विचारला. मी उठलो आणि बाहेर आलो. खिडकीतून पोरं जेवताना दिसत होती. आपल्या वाडीतल्या जुमाशचा थोरला होता त्यांत. त्याने मला हात केला.

तिथून घरी आलो तरी मी लिहिणार नव्हतो. भित्र्याला एकदा कळलं की सगळेच गप्प आहेत, मग त्याला बरं वाटतं.

परवा त्याच जुमाशकडे धाकट्याला पाळण्यात घालायचं होतं. सगळी वाडी जमली होती. मेंढी आणली आणि मी वयाने मोठा, वर पेपरात फोटो आलेला, म्हणून सुरी माझ्या हातात दिली. मी मेंढीचं तोंड वळवलं. तिच्या मानेवर हात ठेवला. ती गरम होती, सादात, आणि आत काहीतरी उडत होतं. बिस्मिल्ला म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. विसरलो नव्हतो. मला तो माझ्या तोंडातून घाण होऊन बाहेर येईल असं वाटलं.

लोक वाट बघत होते. जुमाश म्हणाला, "आबा, म्हणा की." मी सुरी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. घळ, सुऱ्या, बादली, शाळा, तुझी चिठ्ठी, सगळं. जुमाशच्या बायकोने विचारलं, "आमच्या पोराने खाल्लं?" मी हो म्हटलं. ती आत गेली. आतून तिच्या ओकण्याचा आवाज येत होता, तिने काहीच खाल्लेलं नव्हतं तरी.

सुरी जुमाशच्या भावाने उचलली. मला देण्याआधी ती पुसून घेतली होती. आता त्याने ती धुतली, दोनदा, कढत पाण्याने, आणि मग मेंढी कापली. मी जेवायला थांबलो नाही. कोणी थांबा म्हटलंही नाही.

घरी आलो तर मामीने ताट वाढलं. भाकरीचा तुकडा मोडून मी तिच्यापुढे धरला नाही, आता धरत नाही. उद्या सरकारी वकिलाचा माणूस येणार आहे म्हणतात. येऊ दे. अध्यक्षांनी आज निरोप पाठवला, की बेशेनालीचं डोकं फिरलंय आणि त्याला दवाखान्यात नेतो. तेव्हा मला नेण्याआधी हे तुझ्याकडे पोचलं पाहिजे.

मी, बेशेनाली, सारीबेल ठाण्याचा वादळाचा इशारा असलेली चिठ्ठी कुबात ड्रायव्हरच्या हातून सात फेब्रुवारी रोजी दुपारी घेतली, वाचली, आणि आठ फेब्रुवारीला पहाटे कळप आकजारला नेला. कुबातचा यात काही दोष नाही. दहा तारखेला कापलेली मेंढरं, एक सोडून, आधीच मेलेली होती.

खाली सही केली आहे. मामीने डाव्या हाताने केली आहे. जुमाश आणि त्याची बायकोही साक्षीला सही करून गेले.

पाकीट चिकटवलेलं नाही. कुबातला सांगितलंय, वाटेत ज्याला वाचायचं असेल त्याला वाचू दे, मग वर ने.

बेशेनाली